सिस्टर, त्या एका बेदाण्याबद्दल

आदरणीय सिस्टर,

तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहितोय.

मिरजेला मी बीपी दाखवायला आलो होतो. झोप उडाली होती. फोनमध्ये हवामानाची तीन अ‍ॅप, तिघांचे तीन अंदाज, आणि रात्री दोनला उठून मी तिन्ही बघणार. बेदाण्यासाठी द्राक्षं द्रावणात बुडवून रॅकवर वाळत टाकली की पुढचे पंधरा-वीस दिवस आपल्या हातात फारसं काही नसतं. मार्चात एक अवकाळी सर आली तर माल काळा पडतो, सौद्यात दर पडतो. हे ऐकून तुम्ही मला माइंडफुलनेसच्या, म्हणजे आत्ता जे आहे त्याकडे नुसतं लक्ष द्यायला शिकवणाऱ्या, आठ आठवड्यांच्या वर्गाला बसवलंत.

पहिल्याच दिवशी हातावर एक बेदाणा ठेवलात. तासगाव तालुक्यातल्या माणसाला बेदाणा दाखवताय, असं वाटून हसूच आलं. सवयीनं रंग बघितला, फुगार बघितला, मनात दर काढला. तुम्ही ओळखलंत. "भाव करू नका, नुसता बघा." मग सुरकुत्यांतली धूळ दिसली, बोटांना चिकटपणा कळला, दाताखाली आधी आंबट आणि मग गोड लागलं. टनांनी बेदाणा केला, पण एक धड खाल्ला नव्हता. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला हा वर्ग सुरू केला आणि तिथंही बेदाण्याचा हा प्रकार असतो, असं तुम्ही सांगितलंत. तिथला बेदाणा कॅलिफोर्नियाचा असणार, आपल्याची सर काय यायची त्याला!

सगळं जमलं असं नाही. डाव्या पायाच्या अंगठ्यापासून लक्ष वर न्यायचं, तर गुडघ्यापाशीच घोरायला लागायचो. श्वास मोजताना मजुरीचा हिशेब मधे यायचा. तुम्ही म्हणायचात, "आला तर आला, परत या."

यंदा मार्चात एका रात्री पश्चिमेला वीज चमकली. शेडजवळ बाजेवर पडलो होतो. हात फोनकडे गेला आणि जाताना मला दिसला. तो तसाच थांबवून तुम्ही शिकवल्याप्रमाणे एकेक नाव घेतलं: छातीत धडधड, पोटात गोळा, पायाला गार वारा. पाऊस येईल की नाही, हे त्यानं कळलं नाही. पण कळत नाहीये एवढं कबूल करून उठता आलं. पोराला हाक मारली, दोघांनी ताडपत्र्या ओढून दोऱ्या आवळल्या. आधी असतो तर अ‍ॅपवर बोट फिरवत बसलो असतो.

सर आलीच. वाऱ्याच्या बाजूचा कडेचा माल भिजला.

अ‍ॅप दोन काढून टाकली. एक ठेवलंय, सकाळ-संध्याकाळ बघतो. रागावू नका.

सोबत पोराजवळ अर्धा किलो पाठवलाय. त्या कडेच्या रॅकवरचाच आहे, रंग जरा दबलाय. नव्या लोकांच्या वर्गाला चालेल. भाव मात्र कुणाला करू देऊ नका.

तुमचा,
गुडघ्यापाशी झोपणारा