घरात 'गवेषणी'चे फोटो, वह्या, काहीही असेल तर पावसाआधी आमच्याकडे आणा

मंडळी, जरा वेळ काढून वाचा आणि वास्को, मुरगाव, पणजी, दोना पावला साईडला ज्यांचे कोणी असतील त्यांना पाठवा.

'गवेषणी' आठवते का? आपल्या देशाचं पहिलं खास समुद्र संशोधनाचं जहाज, दोना पावलाच्या एनआयओचं, म्हणजे राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेचं. मुळात ती हॉपर बार्ज, म्हणजे गाळ भरून समुद्रात नेऊन टाकणारी. आता बार्ज म्हणजे काय ते गोव्यात कोणाला सांगायला नको. कोलकात्याच्या गार्डन रीच यार्डात तिच्यावर लॅब, विंच (वायर समुद्रात सोडायचं आणि ओढायचं यंत्र), केबिन असं सगळं चढवलं आणि 1976 पासून ती कामाला लागली, ती पार नव्वदच्या दशकात निवृत्त होईपर्यंत. 26 जानेवारी 1981 ला अरबी समुद्राच्या तळातून मँगनीजचे गोळे पहिल्यांदा वर काढले ते हिच्यावरच. दिसायला काळे, ओबडधोबड बटाटे, पण आत निकेल, तांबं, कोबाल्ट, आणि वाढतात किती तर दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर! पुढे 1987 मध्ये मध्य हिंद महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचा पट्टा भारताच्या नावावर झाला त्याची सुरुवात तिथून. आणि कर्नाटकातल्या मालपेच्या समोर भर समुद्रात पाण्याखाली जिवंत पोवळ्यांचा एक उंचवटा सापडला, त्याला नावच पडलं गवेषणी बँक.

हे सगळं रिपोर्टात आहे, शास्त्रज्ञांची नावंही आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण विंचवर कोण उभं होतं, रात्री दोन वाजता चहा कोण करत होतं, इंजिनरूममध्ये कोण भाजून निघत होतं, ते कुठे शोधायचं? आपल्याकडे तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, म्हटलं की लोकांना परदेशी बोटीवरचा, पेटी भरून सामान आणणाराच आठवतो, गवेषणीवरच्यांना कोण विचारतंय.

म्हणून आमच्या वाचनालयाच्या कमिटीने ठरवलंय की या लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, फोटो स्कॅन करायचे आणि दिवाळीत वाचनालयाच्या हॉलमध्ये छोटं प्रदर्शन लावायचं. सुरुवात झालीय. वाड्यावरच्या एका काकांकडे आम्ही अर्धा तास म्हणून गेलो आणि साडेतीन तास बसलो. ते सांगत होते, जहाज स्टेशनला, म्हणजे समुद्रात नमुने घ्यायच्या ठरलेल्या जागी, थांबलं की खालचं पाणी आणायला वायरला एकाखाली एक थर्मामीटर लावलेल्या बाटल्या सोडायच्या, थर्मामीटर खालच्या पाण्याला स्थिरावेपर्यंत थांबायचं, मग पितळेचं एक वजन वायरवरून सोडून द्यायचं, त्याला मेसेंजर म्हणायचे, ते घसरत जाऊन पहिल्या बाटलीला आपटणार, बाटली उलटी होऊन पाणी आत बंद होणार आणि तिथून दुसरं वजन सुटून खालच्या बाटलीकडे जाणार. हे झालं की नाही कसं कळायचं? तर वायरला हात लावून! खाली कुठेतरी टक् झालं की ते वर बोटांना कळतं म्हणे. एवढं सांगताना काकांनी समोरच्या खुर्चीचा दांडा पकडला होता आणि डोळे मिटले होते, काकू आतून ओरडतायत गोळी घ्या म्हणून पण यांचं लक्षच नाही. बाटल्या वर आल्या की लगेच पळापळ, ऑक्सिजनचं पाणी आधी काढायचं कारण त्यात हवेचा बुडबुडा गेला की सँपल फुकट. आणि हलणाऱ्या बोटीवर ते टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब रसायन टाकून ऑक्सिजन मोजायचं काम, करणाऱ्या पोरांचे चेहरे कसे हिरवे पडायचे त्याची नक्कल तर बघण्यासारखी होती.

हे असं ऐकायला अजून किती जण आहेत ते शोधतोय. घाई एवढ्यासाठी की माणसं ऐंशीच्या पुढे गेलीयत आणि गोव्याचा पाऊस कोणाचे फोटो सोडत नाही. एका घरी आम्ही पोचायच्या आधी दोन वह्या वाळवीने खाल्ल्या, दुसऱ्या घरी घर रंगवताना सगळं रद्दीत गेलं. दोष कोणाला देणार, कोणी विचारायलाच गेलं नव्हतं.

तर मदत कसली हवी? सगळ्यात आधी वस्तू: फोटो, निगेटिव्ह, स्लाइड, घरी लिहिलेली पत्रं, ओळखपत्र, टोपी, डायरी. स्कॅन करून परत देऊ, लेखी पोच देऊ. ऑफिसचे कागद असतील तर मात्र आधी विचारा, ते संस्थेला कळवूनच घेणार. दुसरं म्हणजे माणसं: कॉलेजच्या पोरापोरींनी शनिवार-रविवार दोन तास दिले तरी रेकॉर्डिंग लिहून काढायचं काम पुढे जाईल, कोंकणी कळणारे हवेतच कारण निम्म्या गप्पा कोंकणीतच होतात. आणि पैसे. चांगला स्कॅनर, रेकॉर्डर, प्रिंट आणि फ्रेम मिळून साधारण 45 हजार लागतील. पन्नास-शंभर रुपयेही चालतील, कोणाकडे जुना पण चालणारा स्कॅनर पडून असेल तर त्याहून बरं. पैसे फक्त वाचनालयात येऊन पावती घेऊनच द्या, आमच्या नावाने कोणी क्यूआर कोड पाठवला तर तो आमचा नाही.

वाचनालय संध्याकाळी 5 ते 8 उघडं असतं, सोमवारी बंद. वयस्कर मंडळींनी यायची गरज नाही, निरोप द्या, आम्ही घरी येतो. आणि हो, फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढून सोडवू नका, तसाच डबा घेऊन या.