स्मशानाच्या सीनला धूर नको

मा. संपादक,

जत्रांचा सीझन सुरू झाला की पेपरात कोकणातल्या दशावतारी नाटकांच्या जाहिराती यायला लागतात, आणि हल्ली त्यात 'ट्रिकसीनयुक्त' (म्हणजे तारा, धूर, एलईडीच्या करामतीवालं) हा शब्द ठळक असतो, नाटकाचं नाव त्याच्याखाली बारीक. त्यावरून लिहितोय.

आमच्या लहानपणी कुडाळकडे देवळासमोर नाटक व्हायचं त्यात लपवायला काही नसायचंच. एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. पेटी, पखवाज, झांजवाले बाजूला सगळ्यांच्या डोळ्यासमोर बसलेले. मेलेला राक्षस दोन मिनिटांनी उठून मुकुट सावरत आत जायचा. बायकांची कामं पुरुषच करणार, आणि संध्याकाळी आरशासमोर बसून स्वतःचं तोंड स्वतः रंगवणारा माणूस रात्रीची राणी आहे हे अख्ख्या गावाला माहीत, आम्ही पोरं तर डोकावून बघूनच यायचो. लिहिलेलं स्क्रिप्ट नाही, आख्यान ठरलं, पात्रं वाटली की बाकीचं बोलणं उभ्या उभ्या.

एकदा हरिश्चंद्र लागलं होतं. पहाटेची वेळ, रोहिदासाला साप चावलाय, पोर मरून पडलंय, तारामती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलीय आणि त्या मेलेल्या पोराने गालावरचा डास फाटकन मारला! अख्खी जत्रा हसली, पेटीवालासुद्धा. तारामती काही थांबली नाही, तिने त्याचा हात धरून परत छातीवर ठेवला आणि म्हणाली, "बाळा, डासासाठी हात हलला रे तुझा, मग आईच्या गळ्यात का नाही पडत?"

हसणं जागच्या जागी बंद. माझी आजी "जितो हा मेलो" म्हणून सगळ्यात मोठ्याने हसली होती, ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. घरी जाताना मी विचारलं, "आजये, तो झिलगो मेल्लो नाय ह्या तुका दिसला मा, मगे रडलंस कित्याक?" तर म्हणते, "माका म्हायत आसा रे. तारामतीक खंय म्हायत होता?"

ट्रिकसीनवर माझा राग नाही. नाटक कंपन्यांना पोट आहे, तरुण पोरं त्यासाठी येतात, येऊदेत. पण उडणारं मुंडकं आलं की सगळे मोबाईल वर करून तार कुठे बांधलीय तेच शोधत बसतात, मीपण शोधतो, खोटं का बोलू. बाकड्यात मात्र शोधायला काही नव्हतं, ते बाकडंच आहे हे आधीच कबूल, म्हणून त्याचा रथ आपल्यालाच करायला लागायचा आणि आपणच केलेल्या रथातून राजा वनवासाला निघाला की जीव तुटायचा. आता रथ तयार मिळतो, एलईडीवर, घोड्यांसकट.

कंपनीवाल्यांना एवढीच विनंती, निदान स्मशानाच्या सीनला ते धुराचं मशीन बंद ठेवा. गेल्या वर्षी आमच्या जत्रेत तारामती दिसतच नव्हती, नुसती खोकताना ऐकू येत होती.

– एक चाकरमानी, डोंबिवली