चक्रीवादळाचा व्यापही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अरबी समुद्रात वादळाची चाहूल लागली की आपल्या दैनिकात नकाशा येतो आणि त्यावर वादळाच्या मार्गाची एक रेघ असते. ती आपल्यावरून जात नसली की आम्ही ठाणे-नवी मुंबईकर निर्धास्त होतो. पण ती रेघ वादळाच्या डोळ्याची, म्हणजे केंद्राची असते, आणि डोळ्यात तर वारा जवळजवळ पडलेलाच असतो! सर्वांत घातक वारे डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत असतात. त्याबाहेर पावसाचे पट्टे शेकडो किलोमीटर पसरतात.

शिवाय दोन्ही बाजू सारख्या नसतात. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. त्यामुळे त्याच्या पुढे सरकण्याचा वेग, वादळ जाते त्या दिशेला तोंड केले तर, उजवीकडच्या वाऱ्यात मिळतो, डावीकडच्या वाऱ्यातून वजा होतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळून ईशान्येकडे सरकले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आपण डाव्या बाजूला होतो, म्हणून बरेच वाचलो. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ मात्र उत्तरेला गुजरातकडे निघाले होते. डोळा भर समुद्रात, पण आपली सगळी किनारपट्टी त्याच्या उजव्या हाताला! कुलाब्यात ताशी ११४ किलोमीटरच्या वाऱ्याची नोंद झाली.

समुद्राचे पाणी साधारण २६.५ अंशांवर तापलेले असले की वादळाला बळ मिळते, कारण वर चढलेल्या बाष्पाचे पुन्हा पाणी होताना उष्णता सुटते. अरबी समुद्र आता झपाट्याने तापतो आहे. हवा एका अंशाने तापली तर सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे पाऊसही वाढतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. ती एका दिवसात रौद्र रूप घेऊ लागली आहेत, याची मला अधिक धास्ती वाटते. तयारीला वेळच उरत नाही.

नवी मुंबईचा बराच भाग खाडीत भराव घालून वसला आहे. भरतीत खाडीचे पाणी आत येऊ नये आणि पावसाचे पाणी साठावे म्हणून धारण तलाव आहेत. वादळाने फुगलेला समुद्र, मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर या तलावांवरच सारी भिस्त आहे. त्यांतला गाळ मे महिन्याआधी निघाला की नाही, याचा पाठपुरावा आपण करावा. आणि पुढच्या वादळाच्या वेळी नकाशात वाऱ्याचा व्याप, वादळाची उजवी बाजू आणि ठाणे खाडीतल्या भरतीची वेळही द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई