अजब बंगल्यातल्या काकांना

काका,
सा. न.

मी काटोलकडून सहल घेऊन आलेली मास्तरीणबाई. असं चारचौघांत नाव घेतलेलं तुम्हाला रुचणार नाही, म्हणून नुसतं 'काका'.

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच तुमचा अजब बंगला, १८६३ सालचं. सहलीत ते सहसा अर्ध्या तासात उरकतात: पेंढा भरलेले प्राणी, शस्त्रं, मूर्ती, चला, बस सुटली! आमचीही तीच गत झाली असती. पण आमच्या एका पोट्ट्याच्या खिशात विहिरीच्या खोदकामातून निघालेला दगड होता. करडा, गारेसारखा, आणि त्यात बोटाच्या पेराएवढा शंख. दारात त्याला कोणीतरी "फेक तो" म्हणालं. तुम्ही मात्र हात पुढे केलात.

मग त्याला भूगर्भशास्त्राच्या दालनात नेऊन म्हणालात, "टोक वर धर. आता तोंड कोन्या हाताले येते?"
"डाव्या."
बहुतेक गोगलगायींचं उजव्या हाताला येतं, हे तेव्हा मलाही नवीन होतं. हा शंख 'फायसा' नावाच्या गोगलगायीचा असावा, असं तुम्ही सांगितलंत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर साचत होते. मध्येच उद्रेक थांबे, खोलगट जागी तळी होत, त्यांत या गोगलगायी वाढत. पुन्हा लाव्हा येई आणि तळ्यातला गाळ दोन थरांमध्ये दबून जाई. असेच शंख मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना नागपुरातच, टाकळीला सापडले होते. नागपुरात ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, तेच हिस्लॉप. टाकळघाटची शिळावर्तुळं (दगड गोलाकार मांडलेली प्राचीन दफनस्थळं) पाहून परतताना ते ओढ्यात बुडाले, तेही १८६३ सालीच. (माझी पदवी इतिहासाची, एवढं मला वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.)

गोंडांच्या वस्तूंपाशीही तुम्ही पोरांना आधी "तुमच्या घरी असं काय आहे?" हे विचारलंत आणि मग माहिती दिलीत. सहलीत एरवी मागे मागे राहणारी एक मुलगी तिथे सगळ्यांच्या पुढे होऊन बोलत होती. त्यासाठी वेगळे आभार.

दगड शाळेच्या कपाटात आहे. आता पोट्टे रोज खिसे भरून दगड आणतात, त्यातले बहुतेक साधे काळे बेसाल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचे. हे ठेवायचे कुठे, असं मुख्याध्यापकांनी विचारलंय. मी तुमचा पत्ता दिलाय.

आपली,
सहलीवाल्या बाई