चिठ्ठी सीमा ओलांडते, गोळ्या नाक्यावर अडतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोरोनाकाळातल्या अनुभवांवर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात बरेच दिवस लिहून येत आहे. डॉक्टर, नर्स, पोलीस, आशा कार्यकर्त्या, सगळ्यांबद्दल लोकांनी लिहिले. या मंडळींची नावे ज्यांच्या रजिस्टरात असतात आणि कोणी काय करायचे, कुठे करायचे हे ज्या ठरवतात, त्या परिषदांबद्दल मात्र एकही पत्र माझ्या वाचनात आले नाही. साहजिक आहे, रुग्णाचा त्यांच्याशी थेट संबंध येत नाही. आमचा येतो. मी निपाणीत, म्हणजे कर्नाटकात पण महाराष्ट्राच्या सीमेलगत, मेडिकल चालवते. दुकान सासऱ्यांनी काढलेले. माझे डी. फार्म. (औषधशास्त्राची पदविका) झालेले होते, म्हणून लग्नानंतर ते माझ्याकडे आले. साथीच्या काळात डॉक्टरांच्या परिषदेने आपले नियम वेळेत बदलले, आम्हा फार्मासिस्टांच्या बाबतीत ते अर्धवट राहिले, आणि त्या अर्धवटपणाची झळ सीमेवर राहणाऱ्यांना बसली, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी चांगले ते सांगते. 25 मार्च 2020 हा देशभरच्या लॉकडाऊनचा पहिला दिवस. त्याच तारखेला टेलिमेडिसिनची, म्हणजे फोनवर किंवा व्हिडिओवर रुग्ण तपासण्याची, मार्गदर्शक तत्त्वे निघाली. मेडिकल कौन्सिलचा, म्हणजे डॉक्टरांच्या परिषदेचा, कारभार तेव्हा सरकारने नेमलेल्या नियामक मंडळाकडे होता. त्या मंडळाने नीती आयोगाच्या मदतीने हा मसुदा केला आणि डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेला परिशिष्ट म्हणून जोडून टाकला. मंडळ स्वतः तात्पुरतेच होते. सप्टेंबर 2020 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला आणि हे मंडळ गेले. पण जाण्याआधी कामाचे काही करून गेले.

त्याआधी फोनवर औषध सांगायला डॉक्टर बिचकत होते, आणि त्यांचे चुकत नव्हते. 2018 मध्ये कोकणातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. रुग्णाला न तपासता फोनवरून औषधे द्यायला सांगितली, हा त्यातला एक मुद्दा होता. त्यानंतर वर्षानुवर्षांच्या ओळखीचे डॉक्टरसुद्धा फोनवर ‘एकदा आणून दाखवा’ याच्या पुढे जाईनात. नव्या नियमांनी हा घोर मिटवला. कुठल्या प्रकारची औषधे फोनवर चालतील, कुठल्यांसाठी निदान पहिल्या वेळी व्हिडिओवर रुग्ण बघावा लागेल, कुठली फक्त आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णालाच पुढे चालू ठेवता येतील आणि कुठली अजिबात लिहायची नाहीत, याच्या याद्याच दिल्या. आणि त्यात एक वाक्य होते: नोंदणीकृत डॉक्टर भारताच्या कुठल्याही भागातल्या रुग्णाला असा सल्ला देऊ शकतो.

दिल्लीत बसून लिहिणाऱ्याला ते वाक्य विशेष वाटलेही नसेल. आमच्याकडे त्याच्यावर माणसे तगली. निपाणीहून कोल्हापूर 40 किलोमीटर, बेळगाव 75. त्यामुळे हृदयाचा डॉक्टर कोल्हापूरचा, किडनीचा कोल्हापूरचा, बाळंतपण अडले तरी गाडी कोल्हापूरकडे वळते. अथणी, कागवाड, उगारची माणसे मिरजेला जातात. चंदगडची उलटी, ती शिनोळीवरून बेळगावला येतात. हा व्यवहार राज्यपुनर्रचनेच्याही आधीचा आहे, त्याला कोणाच्या राजकारणाची गरज नाही. सीमेवरचा कोगनोळीचा नाका अडवला गेला तेव्हा हा सगळा व्यवहार तुटला. 2021 च्या फेब्रुवारीपासून महाराष्ट्रातून येणाऱ्याला 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट लागायला लागला. म्हणजे सकाळी डॉक्टरला दाखवायला कोल्हापूरला गेलेला माणूस संध्याकाळी आपल्याच घरी यायला रिपोर्ट शोधत फिरणार!

तशात फोनवरची चिठ्ठी आली. तंबाखूच्या वखारीत जन्म घालवलेले एक मामा माझे जुने गिऱ्हाईक. हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ करायची गोळी कायमची. तिचा डोस रक्ताच्या रिपोर्टवर ठरतो, जास्त झाली तर रक्तस्राव, कमी झाली तर गुठळी. रक्त निपाणीच्या लॅबमध्ये दिले, रिपोर्ट मुलाने मोबाइलवरून कोल्हापूरला धाडला, डॉक्टरांनी व्हिडिओवर पाय, चेहरा पाहून डोस बदलला. मुलगा दुकानात आला, ‘अक्का, चिठ्ठी फोनात आलीया, बघा की.’ मी बघितली. डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक, रुग्णाचे नाव, वय, सही, तारीख, सगळे जागेवर. असे सगळे नसले की मी परत पाठवायची. त्यावरून भांडणेही झाली. पण ज्याची नोंदणी दिसत नाही त्याच्या चिठ्ठीवर औषध द्यायचे नाही, हे कळायला फार्मसी शिकावी लागत नाही.

इथवर ठीक. आता गोळ्यांकडे येते.

26 मार्च 2020 ला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने औषधे घरपोच द्यायला परवानगी देणारी अधिसूचना काढली. चिठ्ठी ईमेलने आली तरी चालेल, जुनाट आजाराची 30 दिवसांच्या आतली हवी, तात्पुरत्या आजाराची 7 दिवसांच्या आतली. गुंगीची औषधे, शेड्यूल एक्स आणि शेड्यूल एच-वन (जास्त कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी याद्या) यांतून वगळलेली. हेतू चांगला होता, अटीही बऱ्याचशा रास्त होत्या. एका अटीने मात्र आमचे हात बांधले: औषध पोचवायचे ते परवानाधारकाच्या महसुली जिल्ह्यातच.

नकाशा उघडून बघा. निपाणी बेळगाव जिल्ह्यात. या अटीनुसार मी शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या रामदुर्गला इन्सुलिन पाठवले तर कायदेशीर. वीसेक किलोमीटरवरच्या, पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलला पाठवले तर बेकायदेशीर. मुरगूडकडच्या गावांचा बाजार पिढ्यान्‌पिढ्या निपाणीचा. तिथली साखरेची, थायरॉईडची, फिटची औषधे घेणारी किती घरे माझ्या वहीत आहेत. त्यांनी काय करायचे? कोणी पाणंदीने चालत यायचे, कोणी नाक्यावर पोलिसांच्या विनवण्या करायचे. पोलीस तरी काय करणार, त्यांच्या हातातल्या कागदावर त्यांचे नियम. लक्षात घ्या, मुरगूडच्या त्याच रुग्णाला बेळगावच्या डॉक्टरने फोनवर तपासून चिठ्ठी लिहिली तर ती पूर्ण वैध होती. चिठ्ठीला सीमा नव्हती, गोळीला होती.

दुसरी अडचण बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. औषधांच्या नियमावलीतला 65 (11अ) सांगतो की शेड्यूल एचचे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारे, औषध चिठ्ठीत जे लिहिले तेच द्यायचे, त्याच्या जागी दुसरे द्यायचे नाही, आतले रसायन एकच असले तरी नाही. एरवी मी या नियमाच्या बाजूची आहे. गिऱ्हाइकाला जास्त मार्जिनची कंपनी खपवणारे कमी नाहीत. पण लॉकडाऊनमध्ये कोल्हापूरचे डॉक्टर तिकडे चालणारा ब्रँड लिहायचे आणि माझा माल यायचा बेळगाव-हुबळीच्या स्टॉकिस्टकडून. तो ब्रँड नाही, त्याच ताकदीचा दुसरा कपाटात पडलेला. मग डॉक्टरांना फोन, ते वॉर्डात, रात्री उशिरा बदललेली चिठ्ठी, तोवर माणूस घरी गेलेला. ‘साथ जाहीर असेपर्यंत तेच रसायन, तीच ताकद, तोच प्रकार असेल तर फार्मासिस्टने बदलून द्यावे, डॉक्टरला कळवावे आणि बिलावर लिहावे’, एवढा एक परिच्छेद कोणी काढला असता तर आमचे अर्धे फोन वाचले असते. आम्ही चार लोकांच्या दुकानातले विक्रेते आहोत हे खरे, पण रसायनशास्त्र शिकून आलो आहोत.

आणि आता नोंदणी. माझे माहेर गडहिंग्लज. शिक्षण तिकडचे, पहिली नोंदणी महाराष्ट्राच्या कौन्सिलची. लग्न होऊन निपाणीत आले तर माझी नोंदणी इथे चालेना, कारण 1948 च्या फार्मसी कायद्यात फार्मासिस्ट ज्या राज्यात राहतो किंवा धंदा करतो त्याच राज्याच्या रजिस्टरात त्याचे नाव असावे लागते. तेव्हा कागद मुंबईच्या कौन्सिलकडून सोडवून बंगळूरच्या कौन्सिलमध्ये लावण्यात बराच काळ गेला. लग्नाच्या याद्यांना लागला त्याहून जास्त, असे सासरे म्हणायचे. शांत काळात हे एक वेळ सोसता येते.

2021 च्या मे महिन्यात दुसऱ्या लाटेत मी स्वतः आजारी पडले. दुकानात दुसरा नोंदणीकृत फार्मासिस्ट नाही. आजूबाजूच्या दुकानांतही कोणी आजारी, कोणी घरच्यांना घेऊन दवाखान्यात. माझी भाची कागलची, फार्मसी झालेली, महाराष्ट्रात नोंदणी असलेली, यायला तयार. पण कर्नाटकाच्या रजिस्टरात नाव नाही म्हणजे काउंटरवर ती कायद्याने फार्मासिस्टच नाही. फार्मसी कायद्याच्या तेव्हाच्या कलम 42 प्रमाणे तिने एक गोळी दिली तरी सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागलमध्ये रोज हेच काम करणारी मुलगी दूधगंगेचा पूल ओलांडला की गुन्हेगार. मी शटर खाली ओढले. ज्या दिवसांत लोकांना औषध हवे त्याच दिवसांत निपाणीतले एक मेडिकल बंद.

त्याच महिन्यात, 3 मे 2021 ला, केंद्राने काय ठरवले ते आठवा. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी देखरेखीखाली फोनवरून सौम्य रुग्ण पाहावेत, इंटर्ननी कोविडची ड्यूटी करावी, बी.एस्सी. (नर्सिंगची पदवी) आणि जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या नर्सेसना पूर्णवेळ कोविडच्या कामावर घ्यावे. योग्यच होते. विद्यार्थ्यावर विश्वास टाकता आला, आणि नोंदणी झालेल्या, वर्षानुवर्षे काउंटरवर उभ्या असलेल्या फार्मासिस्टवर पुलापलीकडची म्हणून टाकता आला नाही.

यावर उत्तर ठरलेले असते: कायदा संसदेचा, कौन्सिल काय करणार? खरे आहे, कलम 42 कौन्सिल एकटी बदलू शकत नाही. पण आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले होऊ लागले तेव्हा 1897 च्या साथरोग कायद्यात बदल करणारा अध्यादेश 22 एप्रिल 2020 ला निघालाच ना. लॉकडाऊनला महिनाही झाला नव्हता. मागणारा हवा. डॉक्टरांच्या मंडळाने मसुदा तयार ठेवला होता, आमच्या बाजूने कोणी ठेवला नव्हता.

विशेष म्हणजे पाया घातलेला आहे. 1976 च्या दुरुस्तीने फार्मसी कायद्यात 15अ हे कलम आले. त्याप्रमाणे सगळ्या राज्यांच्या रजिस्टरांतली नावे असलेले एक केंद्रीय रजिस्टर फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने ठेवायचे असते. म्हणजे माझ्या भाचीचे नाव कायद्याप्रमाणे देशाच्या रजिस्टरात असायलाच हवे. साथ जाहीर झाली की लगतच्या जिल्ह्यांपुरते तरी हे केंद्रीय रजिस्टर पुरेसे मानावे, राज्याच्या कौन्सिलला ईमेलने कळवले की काम सुरू करता यावे, साथ संपली की मुभा संपावी. ड्रग इन्स्पेक्टरला तपासायला नाव, क्रमांक आणि तारीख मिळाली म्हणजे झाले. घरपोच औषधाच्या नियमातही ‘त्याच महसुली जिल्ह्यात’ याला ‘किंवा लगतच्या जिल्ह्यात, राज्य कोणतेही असो’ हे शब्द जोडावेत.

इथे माझे आणि आमच्या संघटनेचे थोडे पटत नाही. औषधविक्रेत्यांची देशपातळीवरची संघटना ही 2020 ची अधिसूचनाच मागे घ्या म्हणते. साथीपुरत्या सवलतीच्या आडून मोठ्या ऑनलाइन कंपन्या धंदा करतात, चिठ्ठी नीट न पाहता औषधे पाठवतात, ही तक्रार मलाही मान्य आहे. पण अधिसूचना सरसकट काढली तर पुढच्या साथीत आम्ही पुन्हा पहिल्या दिवसाची वाट बघणार. परगावच्या गोदामातून आलेली पिशवी आणि मी ओळखत असलेल्या घरी माझ्याच पोराने सायकलवरून दिलेली पिशवी यात फरक करणारा नियम लिहायला हवा. तो अवघड आहे, अशक्य नाही.

गंमत म्हणजे नर्सिंगसाठी 2023 मध्ये नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात राष्ट्रीय रजिस्टर आहे. फार्मसीसाठीही 1948 चा कायदा बदलून आयोग आणायचा मसुदा त्याच वर्षी सरकारने लोकांपुढे ठेवला होता. सीमाभागातल्या फार्मासिस्टांनी बोलायचे असेल तर अशाच वेळी बोलायला हवे. कायदा झाल्यावर पत्रे लिहून उपयोग नसतो.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत एक विनंती. चंदगड, गडहिंग्लज, कागल, निपाणी, खानापूर, अथणी, मिरज इकडच्या फार्मासिस्टांनी आणि नोंदणीपायी दोन राज्यांत अडकलेल्या नर्सेसनी 2020-21 मधले आपापले अनुभव तारीख-वारासह याच सदरात लिहून पाठवावेत. नाक्याच्या दोन्ही बाजूंचे लिहावेत. ती कात्रणे जोडून दिल्लीला फार्मसी कौन्सिलकडे आणि दोन्ही राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांकडे निवेदन पाठवायचे, असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. मसुदा मराठीत आणि कन्नडमध्ये मीच लिहायला घेतला आहे.

आपली,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट
निपाणी, जि. बेळगाव