सल्ला वेळ पाहून हवा

‘लठ्ठपणा आणि मातृत्व’ हा आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. लठ्ठपणामुळे गरोदरपणातील मधुमेह व उच्च रक्तदाबाचा धोका वाढतो, हे त्यातले म्हणणे बरोबरच आहे. पण ‘वजन कमी करा’ हा एकच सल्ला दिवस राहण्याआधी आणि नंतरही सरसकट दिला आहे, त्याला माझी हरकत आहे. मूल हवे असताना ५ ते १० टक्के वजन उतरले तरी अनेकींची अनियमित पाळी सुधारते. दिवस राहिल्यावर मात्र उपाशी राहून वजन उतरवणे बाळाच्या वाढीला बाधक ठरू शकते. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) ३० किंवा अधिक, म्हणजे लठ्ठ गटात असलेल्या गर्भवतीचेही वजन साधारण ५ ते ९ किलो वाढावे, असे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्येच सांगितले आहे. वजन उतरवण्यासाठी घेतली जाणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शने तर गर्भधारणेच्या किमान २ महिने आधी बंद करावी लागतात. लेखात त्यांचा उल्लेखही नाही.

आणि लेखाचा तो दटावणीचा सूर! अशाच सुरात दवाखान्यात गर्भवतीचा वजनकाट्यावरचा आकडा रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारला, की ती बाई पुढच्या तपासणीला यायलाच कचरते. मग वाढलेली साखर वेळेवर कळणार कशी? लठ्ठपणाचा परिणाम पुरुषाच्या शुक्राणूंवरही होतो, तरी लेखात नवऱ्यासाठी एक ओळ नाही. या विषयावर पुन्हा लेख छापताना स्त्रीरोगतज्ज्ञांसोबत आहारतज्ज्ञांचेही मत घ्यावे, ही विनंती.