त्या दहाही जणी झोपल्या होत्या

नगर,
शुक्रवार, रात्री साडेदहा

चि. सोनू यास,
अनेक आशीर्वाद आणि प्रभूची शांती.

तू फोन उचलत नाहीस, आणि मोबाइलवर लिहायला घेतलं की माझ्या हातून दोनच ओळी होतात, म्हणून हे पत्र. रविवारी तू गेल्यावर ओट्यावर तुझा डबा तसाच होता. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. डबा उचलला तर मागे गोळ्यांची पिशवी. पट्ट्या भरलेल्या, फक्त रविवार सकाळची गोळी काढलेली. तिथं दुकानातून घेतल्यास का? डॉक्टरांची चिठ्ठी तर इथे माझ्या पर्समध्ये आहे. एवढं एकदाच विचारते. पुन्हा गोळ्यांचं काढणार नाही. त्याच त्या बोलण्याला कंटाळून तू गेलास, हे मला कळतं.

पप्पांचं मनावर घेऊ नकोस. लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्स हा पैशाचा विषय नव्हताच. त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात. विचारलं तर म्हणतात, आत उकडतं. डिसेंबर आहे सोनू, आत उकडत नाही.

तू जाताना म्हणालास, "कोकऱ्याचं लग्न दारात आलंय आणि तुम्ही माझ्या लग्नाचं काय घेऊन बसलात?" पाच दिवस तेच वाक्य कानात आहे. मला राग आला असं तुला वाटलं असेल. खरं सांगू? आधी छाती भरून आली. पंचविशीतली मुलं बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, उघडूनही बघत नाहीत. तू त्यातला कोकऱ्याच्या, म्हणजे प्रभूच्या, लग्नाचा एकोणिसावा अध्याय तोंडपाठ म्हणतोस, आणि तुझी प्रार्थना ऐकताना मला तुझ्या आजोबांचा, अण्णांचा, आवाज आठवतो. पण मग तू चाळीस रात्रींच्या जागरणाचं बोललास, आणि माझे हातपाय गार पडले.

शब्बाथशाळेच्या संमेलनात आम्ही दहा कुमारींचं नाटक बसवलं होतं, आठवतं? तू तिसरीत होतास. नवरा व्हायला कुणी मुलगा तयार होईना, तू झालास. माझ्या जुन्या जांभळ्या साडीचा फेटा मीच बांधून दिला होता. पोरी पुठ्ठ्याचे दिवे घेऊन स्टेजवर बसल्या, "पाहा, नवरा येत आहे" अशी हाक झाली, आणि नवरा येईना. पुन्हा हाक दिली. मी मागे धावले तर तू सतरंज्यांच्या ढिगावर गाढ झोपलेला, तोंड उघडं, फेटा डोळ्यांवर आलेला. उठवायचं जिवावर आलं माझ्या. समोर अख्खी मंडळी बसलेली आणि मी तुझ्याकडे बघत उभी.

बावीस वर्षं मी हा दाखला मुलांना शिकवला. मत्तयाचा पंचविसावा अध्याय. दिवे घेऊन नवऱ्याची वाट बघणाऱ्या दहा कुमारी, पाच शहाण्या, पाच मूर्ख. पाचवं वचन पुन्हा वाच, बाळा. नवऱ्याला उशीर लागला म्हणून त्या सर्व डुलक्या घेऊ लागल्या आणि झोपल्या. सर्व! शहाण्यासुद्धा. प्रभूने त्यांना झोपेबद्दल एका शब्दानं दोष दिलेला नाही. फरक एवढाच, की शहाण्यांनी निजण्याआधी भांड्यात तेल घेऊन ठेवलं होतं. तू म्हणशील, शेवटी "जागृत राहा" म्हटलंय. म्हटलंय. पण ज्यांनी डोळे मिटले त्यातल्याच पाच जणी लग्नाच्या घरात गेल्या, मग ते जागणं डोळ्यांचं नव्हे.

तू मला प्रेषित पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं पत्र दाखवशील, इतरांसारखी झोप घेऊ नका म्हणून. त्याच्या खाली चारच वचनांवर पौल लिहितो, आपण जागे असू वा झोपलेले असू, त्याच्याबरोबर जिवंत राहू. तिथं झोप म्हणजे मरण, हे मला ठाऊक आहे. तेच मला नको आहे. दहावीच्या वेळी तीन रात्री जागून अभ्यास केलास आणि माळीवाड्याच्या स्टँडवर फिट येऊन पडलास, तेव्हा कुणी कांदा घेऊन धावलं, कुणी चप्पल नाकाशी धरायला. मी तुला कुशीवर वळवून पदर डोक्याखाली दिला आणि घड्याळ बघत बसले. चार मिनिटं. त्या चार मिनिटांतून मी अजून बाहेर आलेली नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, याला औषधाइतकीच झोप महत्त्वाची. स्तोत्र 127 मध्ये आहे ना, तो आपल्या प्रिय जनांना झोपेतही देतो. तू त्याचा प्रिय नाहीस का?

बघ, पुन्हा तेच काढलं. माफ कर.

मला दुसरंच सांगायचं होतं. तुमच्या मंडळीतले ते भाऊ म्हणाले ना, की विश्वासणारे सगळे ढगांत प्रभूला भेटायला जातील, मग इथली घरंदारं, नोकऱ्या, लग्नं कशाला? अण्णांच्या वहीत याच्यावर एक पान आहे. ग्रीक ते सेमिनरीत शिकले होते. त्यांनी लिहिलंय की "सामोरं जाणं" यासाठीचा तो मूळ शब्द नव्या करारात या तीन ठिकाणी येतो. एक या दाखल्यात, नवऱ्याला सामोऱ्या जा म्हणून. एक थेस्सलनीकाकरांच्या पत्रात, ढगांच्या त्या वचनात. आणि एक प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात, पौल कैदी म्हणून येतोय हे ऐकून रोमचे बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत त्याला सामोरे गेले तिथं. सामोरे जाऊन ते कुठे गेले? त्याला घेऊन रोमला परत आले. पुढे अण्णांनी एकच शब्द लिहून खाली दोन रेघा मारल्यात : सीमांतपूजन.

आजी सांगायची त्यांच्या नेवाशाकडच्या गावचं. वऱ्हाड आलं की नवरीकडची माणसं वाजत गाजत शिवेपर्यंत जायची, मारुतीच्या देवळापाशी नवरदेवाला भेटायची. आपण ख्रिस्ती झालो तरी शिवेपर्यंत जाणं सुटलं नव्हतं, फक्त देवळाच्या जागी चिंचेखाली प्रार्थना व्हायची. शिवेवर गेलेलं कुणी तिकडूनच गाव सोडून जात नाही. पाहुण्याला गावात आणायचं असतं. म्हणून मागे अंगण सारवलेलं असतं, चूल पेटलेली असते. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायातही नवी यरुशलेम वर जात नाही, नवरीसारखी सजून खाली उतरते, आणि देवाचा मंडप माणसांजवळ येतो. तू इतक्या वेळा वाचलंस. उतरते, असं लिहिलंय.

मी काही पाळक नाही. चुकत असेन तर सांग. पण सांगायला ये.

अण्णा आम्हाला बटाट्यांची गोष्ट सांगायचे, ती तुझ्या वाट्याला आली नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता, देवभोळा, प्रामाणिक. बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातल्या 2300 दिवसांवरून त्यानं हिशेब मांडला की प्रभू 1843 ते 1844 च्या वसंतापर्यंत येणार. आला नाही. तेव्हा त्याच्या माणसांना हाच दाखला सापडला. नवऱ्याला उशीर झाला म्हणजे आपण आता डुलकीच्या वेळेत आहोत, मध्यरात्रीची हाक अजून व्हायची आहे! नवी तारीख निघाली, 22 ऑक्टोबर 1844. त्या शरदात काही शेतकऱ्यांनी बटाटे काढलेच नाहीत, जमिनीतच ठेवले. काढले तर विश्वास कमी असं दिसेल. ती रात्र त्यांनी जागून काढली आणि उजाडल्यावर लहान मुलांसारखे रडले. आपल्या नगरात ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक निघून तेव्हा दोनच वर्षं झाली होती, म्हणजे बघ किती जुनी गोष्ट. पण अण्णांचा गळा बटाट्यांना दाटून यायचा नाही. त्यानंतर त्यांच्यातले काही जण म्हणू लागले की त्या दिवशी दार बंद झालं, जे आत ते आत, बाहेरच्यांसाठी आता प्रार्थना करायची गरज नाही. तेही याच दाखल्यातून. तिथं अण्णा थांबायचे, चष्मा काढायचे. तारीख चुकली तर माणूस रडतो आणि पुन्हा उभा राहतो, पण शेजाऱ्यासाठी प्रार्थना थांबवली तर काय उरलं, असं म्हणायचे.

तुमच्या त्या मंडळीत बाहेरच्यांसाठी प्रार्थना होते का? हे मला खरंच विचारायचं आहे. रविवारी तू जेवणावर प्रार्थना केलीस त्यात पप्पांचं नाव नव्हतं. त्यांच्या लक्षात आलं.

नोकरीचं काढणार नव्हते. पण त्याच थेस्सलनीकाकरांना दुसऱ्या पत्रात पौलानं काय लिहिलं, तेही भाऊंनी वाचून दाखवायला हवं होतं. प्रभूचा दिवस आलाच आहे म्हणून घाबरून जाऊ नका, आणि जो काम करत नाही त्यानं खाऊही नये. चार वर्षं शिकलास. पप्पांनी तुझ्यासाठी राहुरीची जमीन... जाऊ दे. व्याख्यान झालं. खोडत नाही, कारण खोडलेलं तू उजेडाला धरून वाचशीलच.

परवा पोरीच्या आईचा फोन आला. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "नाही म्हणालाय की थांबा म्हणालाय?" मला उत्तर देता आलं नाही. पोर स्वतः बोलली नाही, मागे भांड्यांचा आवाज येत होता. साखरपुड्याची अंगठी तिच्या बोटात आहे, सोनू. तू मला मागच्या वर्षी सांगितलं होतंस, यहुदी लोकांत मागणी झाली की मुलीला तयारीसाठी बारा महिने द्यायचे, त्यांच्या मिश्ना नावाच्या नियमांच्या ग्रंथात तसं लिहिलंय. मरीया आणि योसेफही त्याच मधल्या काळात होते. मागणी झाली म्हणजे अर्धं लग्न झालंच, ती मोडायला फारकतच लागायची. म्हणून पौल करिंथकरांना म्हणतो की मी तुमची एका पतीला मागणी करून दिली आहे, आणि म्हणून सगळी मंडळी आज साखरपुडा झालेल्या पोरीसारखी आहे. हे तू मला शिकवलंस, पिठाच्या गिरणीवरून येताना, डबा तुझ्या डोक्यावर. मी घरी येऊन पप्पांना सांगितलं, बघा आपला मुलगा कसा बोलतो. मग आता तुझ्या शब्दावर विसंबून एक पोर बसली आहे, तिचं काय? होशेय संदेष्ट्यापासून प्रकटीकरणापर्यंत देवानं स्वतःची गोष्ट सांगायला लग्नच घेतलं. प्रभूचं पहिलं चिन्हही काना गावच्या लग्नातच. पाहुण्यांसाठी सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला, रांजण प्रत्येकी दोन-तीन मणांचे. माणसांचं लग्न त्याला अडगळ वाटली असती तर तो शिष्यांना घेऊन तिथं गेलाच नसता.

तुला देवानं वेगळं बोलावलं असेल, लग्नच करू नको म्हणून, तर तेही मी ऐकेन. पौलही एकटाच राहिला. पण ते तू तिच्यासमोर बसून सांग, पुरेशी झोप झालेल्या डोक्यानं. जागरणाच्या सव्विसाव्या रात्री नाही.

कपाटातली पांढरी साडी मी काल बाहेर काढली. तिच्यासाठी आपण घेतली ती. ठेवून ठेवून घडीवर जरतार चिरते, म्हणून दर महिन्याला घडी मोडून उलटी घालायची असते. मलमलीतून काढली, खाटेवर पसरली, हातानं सुरकुत्या काढल्या. एका जागी घडीची रेघ किंचित पिवळी पडली आहे, पदराच्या आतल्या बाजूला. दिसणार नाही. तुझं ते पाठ वचन आठवलं, तिला तलम वस्त्र नेसायला दिलं आहे, आणि ते वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतिकृत्यं. दिलं आहे म्हणतात आणि तिची कृत्यंही म्हणतात. हे दोन्ही एकदम कसं, ते मला कधी नीट उलगडलं नाही. मशीनवर बसले की विचार करते. दोरा देवाचा आणि टाके आपले, असं काहीसं असेल. तू आलास की समजावून सांग.

पास्टरसाहेबांनी विचारलंय, या रविवारपासून चर्चमध्ये लग्नासाठी तुमची नावं वाचायची का. तीन रविवार वाचावी लागतात. मी म्हटलं, एक रविवार थांबा. थांबतील ते. पप्पांना हे सांगितलेलं नाही.

बारा वाजायला आले. पप्पांची खुर्ची अजून बाहेर आहे. तू या वेळी तिथं गुडघ्यांवर असशील. माझ्यासाठी प्रार्थना कर, मला फार भीती वाटते. आणि मग आडवा हो.

तुझी,
आई

ता. क. पार्सलमध्ये तीन पट्ट्या आहेत, चिठ्ठीची झेरॉक्स आणि कोरडी चटणी. मधले चार-पाच दिवस चुकले असतील तर आपल्या मनानं एकदम दोन घेऊ नकोस, आधी डॉक्टरांना फोन कर, नंबर चिठ्ठीवर आहे. खोलीत तुझ्याबरोबर कोण झोपतं? त्याला कुशीवर वळवायचं सांगून ठेव. तोंडात काही घालायचं नाही, कांदा नाही, चप्पल नाही, फक्त कुशीवर, आणि घड्याळ बघायचं.